सहा बाटल्या आणि डांबराच्या गोळ्या

४ जानेवारी

आत्या,

नमस्कार, आणि तोही वाकून, कारण काम आहे.

सोबतच्या खोक्यात सहा छोट्या बाटल्या आहेत. दिसायला खोकल्याच्या औषधाच्या आहेत, पण आत वाईन आहे. ओरडू नकोस, आधी पूर्ण वाच. बाबांना मी काचसामानाच्या दुकानात कामाला असल्याचं सांगितलंय. ते काही अगदी खोटं नाही. बाटल्या काचेच्याच असतात. खरं दुकान वाईनचं आहे. मी तळघरात बसून बाटल्या कागदात गुंडाळते, आणि गुंडाळण्यात माझा हात धरणारं इथं कोणी नाही.

पण मला गुंडाळत बसायचं नाही. आमच्या मालकीणबाईंना एक चाखणारी हवी आहे. चाखणारीने त्यांच्याबरोबर गावोगावच्या मळ्यांवर जायचं, पिंपातली वाईन चाखायची आणि कोणती घ्यायची ते सांगायचं. त्यासाठी २८ फेब्रुवारीला माझी परीक्षा आहे. दुकानात बारा मळ्यांच्या बारा वाईन आहेत. त्यांतल्या सहा त्या माझ्यापुढे बिननावाच्या ग्लासांत ठेवणार आणि मी प्रत्येक कुठली, कोणाची ते ओळखायचं. जमलं तर जूनपासून मी मळ्यांवर. नाही जमलं तर जन्मभर कागद.

तुझ्याकडून मला साध्या माणसाचं मत हवंय. प्रत्येक बाटलीतलं थोडं ग्लासात घे, गोल फिरव, हुंग, एक घोट तोंडात घोळव आणि थुंकून टाक. मग कसला वास आला ते लिही. पुस्तकी भाषा नको, तुझीच लिही. क्रमांक बाटल्यांवर आहेत, आणि कुठली कोणाची ते खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलंय.

तुझी भाची

*

१२ जानेवारी

प्रिय नाकपुडे,

लाज वाटली का पाठवताना? पस्तीस वर्षं मी धुलाईचं दुकान चालवलं. वाईन म्हणजे माझ्या लेखी लग्नाच्या पांढऱ्या पोशाखावर पडलेला लाल डाग, आणि त्यापुढे रडणारी नवरी. त्या वस्तूशी मी जन्मभर मिठाने, साबणाने आणि उकळत्या पाण्याने लढले, आणि आता म्हातारपणी तू तिला माझ्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून पाठवतेस. खोकं दोन दिवस दाराशी ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मला बघवेना, म्हणून घेतलं आत.

थुंकणार मात्र नाही. आत्ताच फरशी पुसलीय.

क्रमांक एक, पांढरी. तू लिहिलंयस की समुद्राकाठचा मळा आहे आणि मालक आधी नावाडी होता. मला समुद्र दिसला नाही, शाळा दिसली. ओल्या फडक्याने नुकताच पुसलेला फळा. गणिताचा तास सुरू होतोय आणि माझा गृहपाठ झालेला नाही.

क्रमांक दोन, पांढरीच. थंड डोंगरउतारावरची, दवाखाना बंद करून द्राक्षं लावणाऱ्या डॉक्टरांची. कच्चं हिरवं सफरचंद. डॉक्टर माणूस प्रेमळ नसावा, पण हात स्वच्छ असणार.

क्रमांक तीन. नदीच्या वळणावरच्या दोन बहिणींची, लाल पण फिकी. शाळा उघडली त्या दिवशीचा पेन्सिलीचा डबा, आणि त्यात कोणीतरी लपवलेलं एक लालचुटुक फळ. या बहिणी मला आवडल्या. एक घोट जास्त घेतला.

क्रमांक चार. ज्वालामुखीच्या राखेतल्या जमिनीची, एकमेकांशी न बोलणाऱ्या बापलेकाची. चामड्याचा नवा कोरा पट्टा, दुकानातून आणलेला, भोकंसुद्धा न पाडलेला. बापलेकांनी बोलायला हवं गं. किती चांगलं काम करतात दोघं. मला भरून आलं.

पाच. ऊन, सपाट जमीन, मोठा कारखाना. मुरंब्याची बरणी उघडी आहे आणि शेजारी शाई सांडलीय. कोणी सांडली? मी नाही.

वरच्या मजल्यावर राहून घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी आत्ता येऊन गेले. म्हणजे आले, गेले नाहीत. त्यांचं म्हणणं, तुमच्याकडून गाण्याचा आवाज येतोय, तब्येत बरी आहे ना? मी गात नव्हते. मी वास मोठ्याने सांगत होते.

सहा गोड आहे. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, दूरच्या मठातली. मध आहे, बेदाणे आहेत, आणि ज्याने हे केलं त्याला कसली घाई नव्हती. घड्याळजी म्हणतात, यांचं घड्याळ बंद असणार. आम्ही दोघं खूप हसलो. का ते आत्ता आठवत नाही.

मला तू फार आवडतेस. लहानपणी प्रत्येक वस्तू हुंगून मगच हातात घ्यायचीस, माणसंसुद्धा. म्हणून तर तुझं नाव नाकपुडी. तू पत्राखाली नुसतं 'भाची' का लिहिलंस?

अक्षर वाकडं आहे कारण टेबल वाकडं आहे.

तुझी आत्या

*

२० जानेवारी

आत्या,

तू चमत्कार केलास. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचत होते आणि हसताना मालकीणबाईंनी पकडलं. मागावं लागलं नाही, त्यांनी हातातून काढूनच घेतलं. सगळं वाचलं, चेहऱ्यावरची रेष हलली नाही, आणि संध्याकाळपर्यंत तुझी वाक्यं छोट्या कार्डांवर लिहून बाटल्यांच्या गळ्यात बांधली. मी म्हटलं, आत्याचं, म्हणजे घरच्याच एका ग्राहकाचं मत आहे. आता लोक येऊन "ती गणिताच्या तासाची द्या" म्हणतात. बापलेकाची चार खोकी गेली. एका बाईंनी विचारलं, आता तरी बोलतात का ते?

माझी तयारी झकास चाललीय. नाक इतकं तेज झालंय की काय सांगू. तुझं पाकीट उघडलं तर आपल्या घरच्या साबणाचा वास भस्सकन आला आणि जीव सुखावला.

उरलेल्या सहा पाठवतेय. या वेळी थुंक, निदान दोन तरी.

तुझी भाची

*

२७ जानेवारी

नाकपुडे,

बाटल्या मिळाल्या. त्यांच्याविषयी नंतर. आधी तू खुर्ची घेऊन बस.

मागचं पत्र लिहून झाल्यावर मी ते कुठं ठेवलं हे मला सकाळी आठवेना. दोन दिवस शोधलं. सापडलं ते लोकरीच्या कपड्यांच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांमध्ये. तसंच पोस्टात टाकलं. टाकताना माझे डोळे चुरचुरले. पोस्टातल्या बाईंनी ते दोन बोटांत धरून पिशवीत सोडलं. त्या पत्राला साबणाचा वास येणं शक्यच नव्हतं.

मग मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. तो खोटा साबण सोडला तर त्यांत एकाही वासाचं नाव नाही. लहानपणी तुझ्या पत्रात वासाशिवाय काही नसायचं. आणि सही. नाकपुडी म्हणवून घ्यायला तुला का नको वाटतं ते आता कळलं.

कधी गेलं नाक? खरं लिही. मी ओरडणार नाही, आणि दादालाही सांगणार नाही.

आणि रडत असशील तर डोळे पूस, कारण तेच आता कामाला येणार आहेत. डाग काय बोलतो ते तुला ठाऊक नाही, मला आहे. मी कधी वाईन प्यायले नव्हते, पण कपडा बघून सांगायचे की समारंभ गरिबाचा होता की श्रीमंताचा. कोवळी वाईन जांभळी पडते आणि कडेपर्यंत जांभळीच राहते. जुनी मध्ये लाल, पण तिची किनार विटेच्या रंगाची. दाट असेल तर डागाच्या मधोमध साका बसतो, पातळ असेल तर कापडाच्या धाग्यांवरून लांब पळते. गोड असेल तर कापड वाळल्यावर खळ घातल्यासारखं कडक. एक पांढरा कपडा घे आणि बारांचे बारा थेंब टाकून बघ. जीभ तरी चालते ना?

यापुढे माझं प्रत्येक पत्र तीन रात्री डांबराच्या गोळ्यांत राहून मगच येईल. ज्या दिवशी तू मला त्यावरून शिव्या घालशील, त्या दिवशी मी पेटीला कुलूप लावीन.

आत्या

*

३ फेब्रुवारी

आत्या,

गेलं नोव्हेंबरमध्ये. चार दिवस ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल, कधी ते सांगता येत नाही. दूध करपून खोलीत धूर झाला तेव्हा मी शेजारी बसून पुस्तक वाचत होते. एकदा एका ग्राहकाला चुकून खराब झालेल्या बाटलीतली वाईन ओतून दिली, पार आंबून गेलेली, आणि वर तिचं तोंडभर कौतुक केलं. मालकीणबाई पलीकडेच उभ्या होत्या. त्यांनी ग्राहकाचा ग्लास उचलून नेला आणि दुसरी बाटली उघडली. त्या दिवसापासून मी त्यांच्या नजरेला नजर देत नाही.

तुला साध्या माणसाचं मत म्हणून फसवलं. मला तुझं नाक उसनं हवं होतं. तुझं पाठ करून परीक्षेत म्हणणार होते. जीभ चालते. आंबट, गोड, कडू, तुरट, खारट, सगळं कळतं. पण त्यावर बारा वाईन कशा ओळखणार? पाचावर धारण बसली होती माझी.

पण आत्या, डाग! मी पांढरा मेजकपडा घेतला आणि तीन ओळींत बारा थेंब टाकले, प्रत्येकाखाली शिसपेन्सिलीने नाव. रात्रभर वाळू दिले. सकाळी उठून बघते तर बारा चेहरे. बापलेक काळेभोर, मधोमध साका. कारखान्याची सरळसोट जांभळी, मनात काही न ठेवणारी. मठातलीच्या डागावर बोट आपटलं तर टक्क वाजलं. मी तळघरात एकटीच नाचले. जीभ आणि डोळे मिळून आठ तर आता पक्क्या ओळखते.

शंका उरली ती थोडीच. बहिणींची आणि आठवी, वीस वर्षं जुनी म्हणून मी जिला आजोबांची म्हणते ती, दोघींचे डाग सारखेच फिके दिसतात आणि ग्लासात तर जास्तच. किनारीचा फरक मला धड दिसत नाही. आणि नावाड्याची आणि डॉक्टरांची पांढरी. दोन्ही सारख्याच आंबट, आणि डाग तर दिसतच नाहीत. कपडा सोबत पाठवतेय. तुझी तयार नजर एकदा फिरव, काय दिसतं ते लिही आणि लगेच परत पाठव. परीक्षेपर्यंत मला रोज बघून घोकायचाय. जिवापाड जप.

तुझी भाची

*

११ फेब्रुवारी

लाडके, गुणी, शहाणे, मोठ्या मनाच्या माझ्या बाळे,

एवढ्या विशेषणांवरून तुला कल्पना आली असेल.

कपडा सुखरूप पोचला. मी तो खिडकीशी टांगला आणि चष्मा पुसून बघत बसले. इतके सुंदर डाग मी आयुष्यात पाहिले नव्हते. तेवढ्यात घड्याळजी आले. म्हणाले, डागात बघण्यासारखं काय असतं? मी म्हटलं, प्रत्येकाचा स्वभाव असतो, त्यावरून तो कसा निघणार तेही ठरतं. ते म्हणाले, हा मधला काळा काही जन्मात निघायचा नाही. मी म्हटलं, हा? बापलेकाचा? आणि मीठ घेतलं.

नाकपुडे, निघाला. एक पुसट छायासुद्धा राहिली नाही. घड्याळजींनी टाळ्या वाजवल्या. आता मला सांग, पस्तीस वर्षांत धुलाईवालीसाठी कोणी टाळ्या वाजवल्यात? मग त्यांनी दुसरा दाखवला. त्याला मी उंचावरून उकळतं पाणी सोडलं. मग तिसरा. दुपारपर्यंत कपडा असा पांढरा झाला की बघताना डोळे दिपावेत. उन्हात वाळवला, इस्त्री केली, चौघडी घातली. आनंदात तुझ्या बाटल्यांतली उरलेली दोन ग्लासांत ओतली. दुसऱ्या घोटाला मला आठवलं की हा कपडा कशासाठी आला होता.

चौघडी उलगडून कपडा उजेडात धरला, एक ठिपका दिसेना. घड्याळजी तर बसूनच राहिले. मग म्हणाले, माझीच चूक, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांचीच समजूत घालावी लागली.

तू मला काय वाटेल ते बोल. पण आधी हे वाच, कारण धुतल्यावाचून हे कळलं नसतं. तुला सारख्या दिसतात त्या दोघींना मी साबण लावला. बहिणींची साबणाखाली निळी झाली, शाळेच्या शाईसारखी निळी. आजोबांची निळी झाली नाही, शेवाळी तपकिरी झाली आणि तशीच रुसून बसली. कोवळी निळी पडते, म्हातारी तपकिरी. म्हणून परीक्षेला जाताना खिशात साबणाचा तुकडा ने.

पांढऱ्या दोघींपुढे मात्र मी हात टेकले. त्यांच्यातला फरक नाकाचाच आहे.

कपडा सोबत आहे. निदान स्वच्छ तरी आहे.

तोंड लपवणारी,
तुझी आत्या

*

१ मार्च

आत्या,

पार्सल उघडून कोरा कपडा बघितला तेव्हा मी तुला मनातल्या मनात जे बोलले ते इथं लिहीत नाही. मग पत्र वाचलं आणि बाटल्यांच्या ढिगावर बसून वेड्यासारखी हसत सुटले. कालची परीक्षा सांगते.

सकाळी दहा वाजता वरच्या खोलीत लांब टेबलावर सहा ग्लास. मालकीणबाई समोर, हातात वही. मी तू धुतलेला कपडा टेबलावर पसरला. त्यांनी भुवई उंचावली. मी प्रत्येक ग्लासातला घोट घेतला, थुंकले, आणि एकेक थेंब कपड्यावर टाकून वाट बघत बसले. त्यांना वाटलं असेल, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. बापलेक लगेच बोलले. कारखाना बोलला. मठातली तर जिभेनेच सांगितली. चौथी दक्षिणेकडच्या टेकडीवरच्या विधुराची निघाली, दाट पण कडेला विटेची किनार, अगदी तू लिहिलंयस तशी. पाचवा थेंब फिका. मी खिशातून साबण काढला, ओला केला आणि घासला.

"हे काय धुणं काढलंस?" मालकीणबाईंनी विचारलं.

डाग निळा झाला. मी म्हटलं, नदीच्या वळणावरच्या दोन बहिणी. माझा आवाज इतका मोठा होता की खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी हातून खोकं पडलं.

सहावा ग्लास पांढरा. नावाडी की डॉक्टर? ग्लास नाकाशी नेला, फिरवला, पुन्हा नेला. काही नाही. पाण्याचा ग्लास हुंगल्यासारखं. तुझा ओला फळा पाठ होता, हिरवं सफरचंदही पाठ होतं. डोळे मिटून एक म्हणून टाकलं असतं तर निम्मी शक्यता होती. तोंड उघडलंसुद्धा. पण आत्या, खाली बाटल्यांच्या गळ्यात तुझी खरी कार्डं लटकतायत आणि मी वर बसून खोटं हुंगणार, हे मला जमेना. मी ग्लास खाली ठेवला आणि सांगितलं, "मला वास येत नाही. नोव्हेंबरपासून येत नाही. कार्डांतला एकही वास माझा नाही, सगळे माझ्या आत्याचे आहेत."

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, त्या खराब वाईनचं कौतुक केलंस तेव्हाच मला कळलं होतं, तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. मग कपड्यावरचा निळा डाग बोटाने घासून बघितला. म्हणाल्या, "पाच तू जिभेने आणि डोळ्यांनी ओळखलेस. पण मळ्यावर मी कपडे घेऊन जात नाही. जूनपर्यंत जागा रिकामी ठेवते. तोवर कुठूनही एक नाक आण."

म्हणजे तुझं. एप्रिलमध्ये नव्या वाईनचे चाळीस नमुने येणार आहेत. ते निवडायला दोन आठवड्यांसाठी त्यांनी तुला बोलावलंय, गाडीभाड्यासकट. जूनपर्यंत माझं नाक परत आलं तर जागा माझी, नाहीतर पुन्हा कागद. पण आत्या, कागदात तोंड खुपसून लपण्यासारखं आता माझ्याकडे काही उरलं नाही. हलकं हलकं वाटतंय. येशील ना?

तुझी भाची

*

२६ मार्च

नाकपुडे,

नाक येतंय. ११ एप्रिलच्या सकाळच्या गाडीने.

उत्तराला उशीर झाला कारण मी तयारी करत होते. आता मी थुंकायला शिकलेय. बादली घेऊन अंगणात सराव केला, पाण्याने. घड्याळजी अंतर मोजत होते. त्यांनाही आणणार आहे. त्यांना वासातलं काही कळत नाही, पण त्यांचं म्हणणं, बूच निघतानाच्या आवाजावरून ते बाटली चांगली की वाईट ते सांगतील. मला ही शुद्ध थाप वाटते. पण माणूस चांगला आहे आणि गाडीत सोबत होईल. तू हसू नकोस. हसतेयस. तू दादाला काही लिहू नकोस, म्हणजे मीही लिहिणार नाही.

एक गोष्ट सरळ लिहिते. नाक परत आलं नाही तरी तू माझी नाकपुडीच. परीक्षेत तू तो ग्लास खाली ठेवलास, हे वाचून मी खूप वेळ रडले आणि मग दारोदार जाऊन सगळ्यांना सांगितलं. तू पत्राखाली 'भाची' लिहितेस ते मला दर वेळी टोचतं.

एवढं पेटीतून काढल्यावर लिहितेय: हे पत्र तीन नाही, पाच रात्री आत होतं. शेवटच्या दोन रात्री मी विसरले.

आत्या

*

३ एप्रिल

आत्या!

काय हे! माणसाने पाकीट उघडायचं की पळून जायचं? सकाळी तळघरात तुझं पत्र फोडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपकारा आला की मी ते फेकून दिलं, दोन पावलं मागे सरले, नाक दाबलं. नाक दाबून तशीच उभी राहिले. मग लक्षात आलं, मी नाक का दाबलंय.

पुन्हा उचललं. पुन्हा हुंगलं. शी! किती घाण, किती सुंदर वास. ते पत्र छातीशी धरून मी रडत होते आणि शिंकत होते. मालकीणबाई धावत खाली आल्या, त्यांनाही हुंगवलं. त्या म्हणाल्या, तुझ्या आत्याला सांग, पोस्टखात्यावर दया कर.

मग त्यांनी त्या दिवशीचा सहावा ग्लास भरला. अजून सगळं येत नाही, दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखं येतं. पण मी ग्लास नाकाशी नेला आणि समोर ओला फळा होता, आत्या. ओलं फडकं, खडूची भुकटी, आणि तुझा न झालेला गृहपाठ. नावाडी. मी म्हटलं, आणि त्यांनी वहीत सहावी खूण केली. जूनमध्ये आम्ही नावाड्याच्याच मळ्यावर जातोय, पहिल्यांदा.

संध्याकाळपर्यंत मी तुझी सगळी कार्डं हातात घेऊन एकेक बाटली तपासली. पेन्सिलीचा डबा आहे. मुरंबा आहे, शाई पण आहे. सगळं तू म्हणालीस तसंच. फक्त चौथीत तू चुकलीस. तू बापलेकाच्या वाईनला चामड्याचा नवा कोरा पट्टा म्हणालीस. नवा कुठला? चांगला दहा वर्षं वापरलेला आहे, भोकं सैल झालेला. कार्ड मी बदललंय.

ये आणि भांड माझ्याशी.

तुझी नाकपुडी